अर्धी पाटी

विमलबाई दोन मानसांत एकच पाटी द्यायच्या. आन जोडी कशी, तर आमच्या आळीतला एक, बुद्धवाडीतला एक. आमच्या आण्याच्या पठारावर लग्नाच्या पंगतीत बी कुनी आशी जोडी लावत न्हाई. कुरकुर केली की म्हनायच्या, "डेरीवर समद्यांचं दूध एकाच कॅनमदी वतता. तवा इचारता का, कुनाची म्हैस? मंग पाटी धरायला काय व्हतंय?"

बाई बुद्धवाडीतल्याच, अंगणवाडीतनं रिटायर झालेल्या. सकाळचं दूध घातलं की डेरीच्या शेडमदीच आमा म्हाताऱ्यांचा वर्ग भरायचा. मी अंगठाबहाद्दर. पेपर उलटा धरून बातम्या सांगायचो, लोकं हसायची. माझी हुशारी तेवढीच.

माझ्या जोडीला बाईंच्या वाडीतली काशीआक्का. एक दिवस तिनं पैल्यांदा फळ्यावरचं वाचलं, "क... म... ळ."

मी म्हनलं, "आक्का, येवढ्या येळात म्हैस व्याली आसती!"

सगळी शेड हसली. बाई तेवढ्या हसल्या न्हाईत. दुसऱ्या दिवशी आक्का आली न्हाई.

"बबनराव," बाई म्हनल्या, "मानूस चुकायला घाबरला की शिकनं संपलं. तुमीच घालवली, तुमीच घिऊन या."

गेलो. आक्कानं पान्याचा तांब्या पुढं केला. मी म्हनलं, "आत्ताच पिऊन आलो." उन्हातनं चालत आलेला मी, व्हट सुकलेले. तिला काय कळत न्हाई व्हय? तांब्या आत गेला, आक्का बी आत गेली.

बाईंच्या कानावर आलंच. येवढंच म्हनल्या, "मंग पानी पिऊन या."

"उद्या जातो," म्हनलं. उद्या-परवा करत आख्खी सुगी गेली. बाईंनी मला दुसरी जोडी दिली न्हाई. पाटीवर मधोमध रेघ मारून द्यायच्या. "ही बाजू आक्काची. हितं लिवायचं न्हाई." मी आपला अर्ध्यातच गिरवायचो.

माघात बाईंच्या छातीत कळ आली. जुन्नरला नेईस्तवर संपलं.

त्यांना पोचवून आलो आन तिसऱ्या दिवशी पाटी घिऊन आक्काच्या दारात गेलो. आधी पानी मागितलं. येड्यावानी घटाघटा प्यालो, निम्मं शर्टावर सांडलं.

आक्का म्हनली, "पाटी आनलीस, पन आता शिकवनार कोन?"

"मला अर्धंच येतंय, आक्का."

तिनं पाटी मांडीवर घेतली, त्या रेघंवर बोट ठिवलं.

"तवाच घोटभर प्याला आसतास बबन, तर बाईंम्होरं न अडखळता वाचलं आसतं मी."

साऱ्या पठाराला हसवनारा मी. ओल्या शर्टाच्या टोकानं ती रेघ पुसत बसलो.