तारेवरचा आप्पांचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. लोणावळ्याच्या आप्पांची बदली त्यांच्या खेळापायी झाली, असं सगळी लाइन म्हणते. ती माझ्यामुळे झाली.

आप्पा लोणावळा स्टेशनचे तारमास्तर. मी तळेगावला नुकताच लागलेला तारबाबू, नोकरी अजून कायम न झालेली. लढाईच्या आधीचा काळ. दुपारची गाडी गेली की तार मोकळी पडे आणि लोणावळ्याहून टकटक येई. तीन इंग्रजी अक्षरं, एकमेकांना लागून. ती तशीच्या तशी ज्याच्या पोटात आहेत असा शब्द शोधून उलट पाठवायचा, एवढाच खेळ. डिक्शनरी उघडायला बंदी. ‘उसना शब्द नको,’ आप्पा म्हणत. ‘डोक्यातला काढ. नाही सापडला तर हरलो म्हण. लाज कसली?’

मला त्यांनी पहिल्यांदा पाठवलं ते ‘डब्ल्यू, के, डब्ल्यू’. नव्या पोराची थट्टा चाललीय असं वाटलं. असा शब्द असणारच नाही. संध्याकाळी हरलो म्हणून कळवलं, तेव्हा उत्तर आलं, ‘ऑकवर्ड’. रविवारी मुद्दाम लोणावळ्याला त्यांना बघायला गेलो. कुणी चलाख, सुटाबुटातला माणूस असेल अशी माझी समजूत. क्वार्टरच्या पायरीवर एक जाडसर गृहस्थ लसूण सोलत बसले होते. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, ‘ये. तू तर त्या शब्दासारखाच दिसतोस की!’

आत खुर्चीवर शाल घेऊन काकू बसल्या होत्या. त्यांच्या छातीचं दुखणं जुनं. डॉक्टरांनी थंड हवा सांगितली, म्हणून आप्पांनी अर्जांमागून अर्ज करून लोणावळा मिळवलं होतं. ‘बढती नको, काही नको,’ ते म्हणत. ‘हिला ही हवा आहे तोवर मी राजा.’ काकू हसत. ‘राजाला माझ्याशी बोलायला चार शब्द सुचत नाहीत. तारेवर बघा कसे फुटतात!’ त्यांची कुसुम तेव्हा परकर-पोलक्यात होती. ती आईचीच बाजू घेई.

स्टेशनवरचा हमाल सखाराम मावळातला. यंत्र वाजायला लागलं की तो दारातून डोकावे. ‘आप्पा, तारंला पडसं झालंय व्हय? मगाधरनं शिंकतीया.’

‘तळेगावचं वारं लागलंय तिला,’ आप्पा म्हणत.

तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो. आप्पांचा हात मऊ होता. शेवटच्या अक्षराआधी तो किंचित थांबे, दार लोटून घेताना माणूस एकदा मागे बघतो तसा. ‘हात चुगली करतो बरं,’ ते मला बजावत. ‘तारेवर माणूस लपत नाही.’ एकदा मी आळसाने ‘जी, एच, टी’ पाठवलं तर चिडले. ‘नाईट, लाईट, राईट! रडक्या पोराला खाऊ द्यावा तशी अक्षरं देतोस? पुन्हा देऊ नकोस.’

त्या दिवशी सकाळीच त्यांनी कळवलं होतं, ‘आज नको. साहेब लाइनीवर आहे.’ पण आदल्या संध्याकाळी मला ‘एक्स, वाय, जी’ सापडलं होतं आणि आप्पांना हरवायची घाई झाली होती. दुपारी राहवलं नाही. पाठवलं. बराच वेळ काही नाही. मग मऊ हाताने उत्तर आलं, ‘ऑक्सिजन’, आणि पाठोपाठ त्यांची तीन अक्षरं. अक्षरं समोर आली की आप्पांनाही राहवत नसे.

एकाच तारेवरची सगळी यंत्रं एकदम वाजतात. इन्स्पेक्टर साहेब तेव्हा कामशेतच्या ऑफिसात बसले होते. त्यांना स्वतःची तार लोणावळ्याला द्यायची होती, आणि तारेवर आमचा खेळ चालला होता.

दुसऱ्या दिवशी ते तळेगावला आले. ‘सुरुवात कुणी केली?’

मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्याच हातात होतं. मी म्हणालो, ‘लोणावळ्याने.’

पुढचं मला सखारामने सांगितलं. ‘सायब म्हनलं, तळेगाववाला तुमचं नाव घेतोय. आप्पा म्हनलं, व्हय सायब, मीच. पोरगं हाय त्ये, त्याला कशापायी इचारता?’

आप्पांची बदली खानदेशात झाली. मी निरोपाला गेलो नाही. ते निघाले त्या दुपारी यंत्र वाजलं. मऊ हात. ‘जी, एच, टी.’ मला उत्तर देणं जड जाऊ नये म्हणून सगळ्यांत सोपी अक्षरं निवडली होती त्यांनी. शब्द माझ्या बोटांवर उभे होते. पण कोण कुठे ऐकत असेल या भीतीने मी कळ दाबली नाही. थोड्या वेळाने तीच अक्षरं पुन्हा आली. मग तार गप्प झाली.

खानदेशातला दुसरा उन्हाळा काकूंनी पाहिला नाही. काही वर्षांनी आप्पाही तिकडेच गेले.

कुसुम आता तळेगावात दिली आहे. बाजारात भेटते, मला दादा म्हणते. मागे एकदा भाजी घेताना आपण होऊन बोलली. ‘दादा, आप्पांना तो मेला खेळ नसता ना, तर आई लोणावळ्यातच राहिली असती. मी शेवटपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाही.’

मी मेथीची जुडी उचलली आणि भाव विचारला.

आप्पांना उत्तर देण्याची वेळ गेली. कुसुम मासिकं वाचत नाही, तेव्हा हे लिहून मी सुटलो असंही नाही. सुरुवात मी केली होती आणि खोटं मी बोललो होतो, हे तिच्या दारी जाऊन तिला तोंडाने सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.