मावशीनं नाव काढून घेतलं

माझी मावशी सिनेमाची कॅमेरावाली. पहिलं स्वतंत्र काम मिळालं, तेव्हा निर्मात्याच्या मेहुण्यानं सेटवर येऊन अंगातला कोट तिच्या हातात दिला आणि विचारलं, "कॅमेरामन कुठे आहेत?"

"तुमचा कोट धरून उभी आहे," मावशी म्हणाली.

पुढे तिला छायाचित्रणाचं मोठं बक्षीस मिळालं आणि हीच मंडळी फुलं घेऊन दारात! त्यानंतरचा सिनेमा वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईचा होता. नायिका काळी, तुकतुकीत कांतीची. मावशीनं प्रखर दिवे बंद करायला लावले, खिडकीशी पांढरी चादर ताणली आणि तिच्यावरून परतणारा मऊ उजेड नायिकेच्या गालावर घेतला. तो चेहरा पडद्यावर असा काही जिवंत दिसायचा, की बघत राहावं.

प्रदर्शनाआधी सिनेमा दाखवला, तर नायिका गोरी! कॉम्प्युटरवर घासूनपुसून काढलेली.

"थोडंसंच उजळवलंय, मॅडम," निर्माता म्हणाला. "लोक यायला नकोत का?"

"मग गोरीच घ्यायची होती."

"अहो, पण ही काम काय झकास करते!"

म्हणजे काम तिचं हवं, कातडी नको. बेशरमपणाची हद्द झाली! उठताबसता 'ताई, ताई' करणारा दिग्दर्शक शेजारीच मूग गिळून बसला होता.

"माझं नाव काढा," मावशी म्हणाली.

"तुमच्या नावावर तर पिक्चर विकलाय!"

"म्हणूनच काढा."

नाव निघालं. पिक्चर तुफान चालला. मावशीला मात्र 'भांडकुदळ' ठरवलं आणि फोन यायचे बंद झाले. माझी आई हळहळली, "थोडं नमतं घ्यायचंस गं."

"जे मी केलंच नाही, त्याखाली माझं नाव कसं ठेवू, ताई?"

एकदा ती नायिका घरी येऊन रडली. "चेहरा माझा होता, आणि बोललात तुम्ही."

"तुला पोट आहे, बाई," मावशी म्हणाली आणि तिच्यापुढे चहा ठेवला. माझं मन एवढं मोठं नाही. मला अजून संताप येतो.

आता मावशी डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसाठी ऑपरेशनं चित्रित करते. परवा त्याच निर्मात्याचा फोन आला, "झालं गेलं विसरा, नवा पिक्चर करू."

"कुणाच्या चेहऱ्याला हात लावणार नाही, असं लिहून द्याल?"

तो खो खो हसला. "एवढं काय मनावर घेता!"

मावशीनं फोन ठेवला, कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली आणि हॉस्पिटलात गेली. कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन होतं.