तिसऱ्या मजल्यावरची फाइल

आमच्या मांजर्लीतल्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे एक गृहस्थ वर तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आले की आधी आमचा पंखा बंद करतात, मग बसतात. "वहिनी, खिडकीतून वारा येतोय की!" गृहकर्ज मुदतीआधी फेडायचं, म्हणून यांच्या घरी एका वेळी एकच ट्यूब लागते. पेपर मात्र आमचा, तोही माझ्याआधी. नुसता वैताग!

परवा कर्ज फिटलं. वाटलं, पेढे आणतील. आणली फाइल.

"घराचे कागद सोडवले बँकेतून. तुमच्याकडे राहू द्या. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी शिरतं."

मी फाइल कपाटात साड्यांखाली ठेवली. ते कपाटाकडे बघतच राहिले. पंखा बंद करायचं विसरले. ते गेल्यावर मीच उठून केला.