रायरांची पापनाशमची फेरी

विकायची गाडी रायर आधी स्वतःच्या बायकोला, अक्कांना, बसवून पापनाशमपर्यंत नेऊन आणायचे. अक्का मागच्या सीटवर बसायच्या. परत आल्यावर त्यांनी "पाठ बोलतेय" म्हटलं की ती गाडी पुन्हा माझ्याकडे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याने थांबायचं.

इकडे तमिळ लोक आम्हा मराठ्यांतल्या पुष्कळांना रायरच म्हणतात, पण तंजावुरात नुसतं 'कार रायर' म्हटलं की रिक्षावाला थेट राजवाड्यामागच्या त्यांच्या दुकानापुढे सोडायचा. जुन्या गाड्यांचं दुकान. मी तिथला मेस्त्री. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नसे. त्यांचंही नाही.

गिऱ्हाईक आलं की रायर आधी गाडीची खोट सांगायचे. दार कुठे घासलंय, काच कधी बदलली, सगळं. मी चिडायचो. ते म्हणायचे, "कौतुक तो घरी जाऊन करील रे. खोट मी सांगायची."

एकदा एका शाळामास्तरांनी पांढरी गाडी ठरवली. आयुष्यातली पहिली. शुक्रवारचा मुहूर्त, चाकांखाली ठेवायची लिंबंसुद्धा आणलेली. ब्रेकची एक नळी गंजली होती. नवी तिरुचीहून यायची, ती आली नाही. मी जुनीच घासूनपुसून बसवली.

गुरुवारी रायरांनी विचारलं, "ब्रेक?"

"पक्के."

"नळी बदललीस?"

"पक्के म्हटलं ना! चाळीस वर्षं काय गवत कापतोय?"

त्यांनी गाडीला हातही लावला नाही. "सरी, ठीक. मग उद्या सकाळी अक्का नकोत. तुझी बायको आणि नात घेऊन ये. तूच चालव."

सकाळी नात नवी पावाडै, इकडचा परकर, नेसून, केसांत मोगरा माळून दारात उभी. मी म्हटलं, "आज नाही." ती रडायला लागली. बायको विचारत राहिली, का म्हणून. मी चपला घातल्या आणि एकटाच निघालो.

रायर बाकावर कॉफी घेत होते.

"एकटाच?"

"नळी यायचीय अजून."

"येऊ दे." त्यांनी अर्धी कॉफी पेल्याखालच्या वाटीत, डबऱ्यात, ओतली आणि माझ्याकडे सरकवली. बस, एवढंच.

मग मास्तर आले, बायकामुलांसकट. मुहूर्त टळणार कळल्यावर भर रस्त्यात ओरडले. रायर हात जोडून उभे. म्हणाले, "माझ्या मेस्त्रीनं गाडी अडवलीय. त्याला पसंत नाही तोवर मी किल्ली देत नाही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आला. जाताना त्यांनी मला नमस्कार केला, रायरांना नाही. ते पुन्हा आले नाहीत. गाडी दुसरीकडून घेतली म्हणे.

एवढा मोठा माणूस मी जवळून दुसरा पाहिला नाही. माफी मी मागितली नाही. त्यांनी तिची वाट कधी पाहिलीही नाही.

गेल्या वर्षी रायर गेले. दुकान मुलगा बघतो. परवा त्याने विचारलं, "मेस्त्री, अप्पा तुम्हाला एवढं का मानायचे?"

म्हटलं, "तसा मेस्त्री होतो म्हणून."

खरं काय ते आज इथे लिहिलंय. मुलगा घरात मराठी बोलतो, पण त्याला ही अक्षरं वाचता येत नाहीत. तुमच्यापैकी कुणी इकडे आलात, तर त्याला वाचून दाखवा.