नऊ मजल्यांवरचं धाबं

आमच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी, आणि विमानाचं तिकीट पहिल्यांदा काढलं तेही मीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात या दोन्हींचा हात होता.

मी धुळ्यात देवपूरला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. आई आणि आबा चोपड्याजवळच्या गावी केळीच्या बागेत. मागच्या एप्रिल महिन्यात मी त्यांना म्हटलं, चला, लेहला जाऊ, जरा थंडी तरी बघा. आबांनी नेहमीसारखी मान हलवली, म्हणजे नाही. मग मी मोबाईलवर तिथल्या जुन्या राजवाड्याचा फोटो दाखवला. गावाच्या डोक्यावर डोंगराला टेकून उभा असलेला, दगड-मातीचा, नऊ मजली.

आबांनी चष्मा लावला. "वर पत्रा शे का स्लॅब?"

"माती आहे, आबा. धाबंच."

"नऊ मजलावर धाबं?" त्यांनी मोबाईल हातात घेतला. "अन् ते गळत नही?"

मी दहावीत जाईपर्यंत आमचंही घर धाब्याचं होतं. लाकडी तुळया, त्यावर काड्या आणि पाला, आणि वर खाऱ्या मातीचा थर. दर उन्हाळ्यात आबा छतावर चढून नवी खारी टाकायचे आणि धुमसानं ठोकून बसवायचे. इतकं करूनही कुठं ना कुठं गळायचंच, आणि आई खाली पातेली मांडायची. पुढं स्लॅब पडला, पण ते गळणं आबांच्या मनातून गेलं नव्हतं. "ते धाबं माले वर जाईसन देखनं शे," ते म्हणाले, आणि जायचं ठरलं. एवढ्या एका गोष्टीसाठी ते येत होते. तळं, बर्फ, उंटं, बाकी काहीही दाखवलं नसतं तरी त्यांची तक्रार नव्हती.

मी महिनाभर वाचून काढलं. लेह साडेअकरा हजार फुटांवर. हवा विरळ. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. वर्गात समजावते तसं मी आई-आबांना समजावलं, कागदावर फुप्फुसाचं चित्रसुद्धा काढलं.

"हवा ती हवा," आबा म्हणाले. "तठेबी हवाच ना? अन् मी काय बाळंतीण शे, दिवसा निजाले?"

आई म्हणाली, "निजा ना एक दिवस. जग बुडाव नही."

विमानातून उतरलो तेव्हा ऊन असं लख्ख की डोळे उघडेनात, आणि वारा असा की आईनं विमानतळावरच दोन स्वेटर चढवले. आमचं गेस्ट हाऊस एका बाईंच्या घरात होतं. त्या पन्नाशीच्या, गालांवर लाली, बोलता बोलता हसणाऱ्या. आईनं त्यांना पहिल्याच मिनिटाला "अक्का" केलं. दोघींची हिंदी सारखीच मोडकी, त्यामुळं छान जमलं.

मी आई-आबांना ब्लँकेटखाली घातलं, दटावलं, आणि स्वतः बाजारात निघाले. तळ्याला जायची टॅक्सी ठरवायची होती, नकाशा घ्यायचा होता. विश्रांतीचा नियम म्हाताऱ्या माणसांसाठी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी तर रोज सकाळी पांझरा नदीच्या काठानं धावते. बाजारातून राजवाड्याची वाट दिसली, तर म्हटलं अर्ध्यापर्यंत बघून येऊ. चढलेसुद्धा, दोन दोन पायऱ्या एकदम.

संध्याकाळी डोकं फुटायला लागलं. मग मळमळ, मग उलटी. खोलीत अंधार करून पडले तर भिंत फिरत होती.

आबा ब्लँकेट फेकून उठले. डोकेदुखी, उलटी आणि दिवसभर उन्हात हिंडलेली पोर, आमच्याकडं याचा अर्थ एकच होतो. "ऊन लागनं पोरले," त्यांनी निकाल दिला. "कांदा कोठे शे?"

"तुमनाच खिसामा शे," आई म्हणाली.

खरंच होता. आमच्याकडं मे महिन्यात कांदा खिशात ठेवल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. आबा तो लेहपर्यंत घेऊन आले होते. आईनं तो ठेचला, आबा माझ्या तळपायांना रस चोळायला लागले, आणि आईनं गार पाण्यात बुडवलेला पंचा माझ्या डोक्यावर ठेवला. बाहेर थंडीनं नळाचं पाणी हाताला झोंबत होतं. माझे दात वाजायला लागले. विज्ञानाची शिक्षिका मी, पण "आबा, हे ऊन नाही" इतकं म्हणायचीही ताकद राहिली नव्हती.

वास दारापर्यंत गेला असावा. अक्का आत आल्या. डोक्यावर ओला पंचा, पायाला कांदा बघून त्या थबकल्या. "ये क्या किया, अंकल?"

"लू लगी है इसको," आबा गंभीरपणे म्हणाले.

"लू? लेह में?" त्या इतक्या हसल्या की दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मग पंचा काढला, मला दोन ब्लँकेटं घातली, गरम पाणी पाजलं आणि बोटाला लावायचं यंत्र आणलं. ऑक्सिजनचा आकडा कमी होता, पण घाबरण्याइतका नव्हता. त्यांनी ओळखीच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, शरीराला इथल्या हवेची सवय होऊ द्या, वर कुठं जायचं नाही, बरं वाटलं नाही तर लगेच कळवा.

आबा सगळं लक्ष देऊन ऐकत होते. डॉक्टर गेले तसे ते माझ्या उशाशी बसले.

"आसं शे व्हय," ते म्हणाले. "आपण लॅबनं केळीनं रोप आणतस, ते सिधं वावरमा लावतस का?"

मी मान हलवली.

"महिनाभर नेटना सावलीमा ठेवतस. पाने कडक हुई जातस, मंग वावर. सिधं लावं ते दोन दिवसमा मरी जास. तू आज लॅबनं रोप शे. पडी राय."

महिनाभर मी जे चित्र काढून सांगत होते, ते आबांनी दोन वाक्यांत सांगितलं, तेही मलाच. मला हसू आलं आणि डोकं आणखी ठणकलं.

"आणि तुम्ही, आबा?"

"मी बी रोपच. जुनं शे, इतलंच." आणि बाळंतीण नसलेले आबा शेजारच्या पलंगावर दिवसा, उताणे, दोन दिवस निजून राहिले. तळ्याची टॅक्सी त्यांनी अक्कांकरवी रद्द करून टाकली. मला नुसतं कळवलं.

मला मात्र राजवाड्याची काळजी लागली होती. पाचव्या दिवशी सकाळी विमान. मी दोनदा म्हटलं, तुम्ही दोघं जाऊन या. आबांनी ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं. आई म्हणाली, "तुले सोडीसन कसं जाऊत? येडी."

चौथ्या दिवशी सकाळी डोकं हलकं होतं. भूक लागली. अक्कांनी बोटाचं यंत्र बघितलं, आणि आबांकडं बघून म्हणाल्या, "जाओ. पर धीरे."

धीरे म्हणजे किती, ते आईनं ठरवलं. दहा पावलं आणि बसायचं. दहा पावलं, बसायचं. मध्ये एक सुरतेचं जोडपं धापा टाकत आम्हाला ओलांडून गेलं आणि पुढच्याच वळणावर भिंतीला टेकलेलं सापडलं. आबांनी दगडावरची धूळ झटकली. "बैठो भाई, बैठो. राजा कहीं नहीं जाता." चार वेळा बसलो, मग मोजणं सोडलं. आत अंधारे जिने, वाकून जायची दारं. आणि मग एकदम उजेड. आम्ही वर होतो.

आबांनी ना डोंगर बघितले, ना गाव. खाली वाकून आधी छताला तळहात लावला. पलीकडं एक गवंडी डागडुजी करत होता. आबा त्याच्यापाशी जाऊन बसले.

"ये कौन सी मिट्टी?"

"पहाड़ की चिकनी मिट्टी. पानी नहीं जाने देती."

"और नीचे?"

"घास. उसके नीचे लकड़ी."

"हमारे इधर खारी डालते. फिर भी गलता."

गवंडी म्हणाला, "यहाँ भी टपकता है, चाचा. हर साल ठोकना पड़ता है."

आबा माझ्याकडं वळले. असं हसू मी त्यांच्या तोंडावर माझ्या निकालाच्या दिवशीच बघितलं होतं. "आयकं का? राजानं धाबं बी गळस!"

गवंड्यानं ठोकायचं लाकूड पुढं केलं. आबांनी बाह्या सरसावल्या.

"दोनच मारा," आई ओरडली. "दम लागी!"

आबांनी दोन मारले, खाली बसून मनसोक्त धापा टाकल्या, आणि आई पलीकडं डोंगर बघतेय असं बघून तिसरा मारला.