हैदराबादेत कुणाच्या दारी जाण्याआधी

उन्हाळ्याची सुटी लागली आणि तिसऱ्याच दिवशी मी हैदराबादला जायचं ठरवलं. शाळा चालू असते तोवर माझ्याभोवती पोरांचा गलका असतो. सुटीत ताडकळसच्या घरात मी एकटी. दीड वर्षापूर्वी आई गेली. त्यानंतरची पहिली सुटी कशी काढली ते मलाच ठाऊक. दुसरी तशी काढायची नव्हती.

लोक हैदराबादला चारमिनार बघायला जातात. मी निघाले नसीमसाठी. परभणीला डी.एड. करताना आम्ही दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिलो. ती जिंतूरची. लग्न होऊन हैदराबादला गेली, मी इथंच शिक्षिका झाले. पुष्कळ वर्षं फोन व्हायचे. मग तिनं फोन उचलणं बंद केलं. टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून मी मोबाइलवर आवाजातले निरोप पाठवायचे. तिच्याकडून कधी ईदचं फूल, कधी नुसता अंगठा. आई गेली तेव्हा रडत रडत सहा मिनिटांचा निरोप पाठवला होता. त्यावरही अंगठाच आला. तो दीड वर्ष सलत होता. आधी कळवलं तर ‘येऊ नको’ म्हणेल, म्हणून न सांगताच निघाले.

ताडकळसहून पूर्णेला एसटी किंवा जीप मिळते. पूर्णेहून सकाळची गाडी पकडली तर संध्याकाळपर्यंत काचीगुडा. खिडकी मिळाली तर बासरला गोदावरीचं विस्तीर्ण पात्र दिसतं. शेजारी चुडाव्याच्या एक मावशी बसल्या होत्या.

“कुठं चाललाव?”

“हैदराबादला.”

“कोन हाय तिथं?”

“मैत्रीण.”

“मंग घ्यायला येईल की टेशनावर,” असं म्हणून त्यांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. त्या नांदेडला उतरल्या. निजामाबादनंतर डब्यातली भाषा बदलली आणि पुढं माझ्याशी कुणी बोललं नाही.

काचीगुडा स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर लॉज घेतलं. खोली लहान पण स्वच्छ. काउंटरवर मालकीणबाई स्वतः बसतात, त्यामुळं एकट्या बाईला भीती वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं निघाले. पहिल्यांदा येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: सरकत्या जिन्यावर एका कडेला उभं राहायचं, घाईतल्यांना वाट सोडायची. मी मधोमध उभी होते. मागून दोनदा “जरा बाजू” ऐकलं तेव्हा कळलं. डब्यात काही खायचं नसतं. मी शेजारच्या मुलीला “कुठं उतरणार?” असं सहज हिंदीत विचारलं. तिनं कानातला इअरफोन काढला, “जी?” म्हणाली, उत्तर दिलं आणि तो परत घातला. तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडं विचारलं नाही तर माणूस तुसडा ठरतो. इथं विचारलं की माणूस दचकतो.

नसीमचा पत्ता तिच्या जुन्या पत्रावर होता. मोठी सोसायटी, फाटकावर पहारेकरी, वही. नाव, गाव, कुणाकडं, काम. कामाच्या रकान्यात मी ‘मैत्रीण’ लिहिलं.

“ये काम में क्या लिखे जी?” त्यानं विचारलं. मी सांगितल्यावर तो हसला आणि वर फोन लावला. फोनवर नसीमची सून होती. मी अजून ‘परभणीवाली सुनंदा’ म्हणतेय तोवर त्यानं फोन ठेवला.

“अम्मी किसी से नहीं मिलते बोल रहे. आप आते बोल के पूछे थे क्या?”

“नाही.”

“पूछ के आना था ना, मॅडम.”

तो अदबीनं बोलला, पण माझे कान तापले. समोरच्या बसथांब्यावर अर्धा तास बसून राहिले. वर कुठल्या तरी खिडकीत ती असेल, असं वाटून एकेक मजला बघत होते. मग चारमिनारला गेले. भोवतालच्या गर्दीत बांगड्या बघितल्या, घेतल्या नाहीत. इराणी चहा घेतला. गर्दीच्या वेळी कप रिकामा झाला की खुर्ची सोडायची असते, हेही तिथं कळलं. मागं उभ्या माणसानं पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा.

लॉजवर आले तर मालकीणबाईंनी माझा चेहरा वाचला. “क्या हुआ जी?” त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून बसले.

“देखो, यहाँ बिना पूछे दरवाजे पे गए तो सामनेवाला घबरा जाता,” त्या म्हणाल्या. “लिख के पूछो. नक्को बोलना है तो उनको भी लिखना आसान.”

‘नक्को’ला जागा ठेवायची, हे मला कधी सुचलंच नव्हतं. खोलीत जाऊन तीन ओळी टाइप केल्या. ‘नसीम, मी हैदराबादेत आहे. परवा सकाळी परत जाणार. येऊ का?’

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘सुनंदे?? उद्या सकाळीच ये.’

सकाळी ती फाटकापाशी उभी होती. केस पांढरे, चष्मा जाड. पहारेकऱ्यासमोरच तिनं मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून भराभर बोलत सुटले. तिनं मला धरून लांब केलं, उन्हाकडं तोंड करून उभं केलं आणि म्हणाली, “अशी बोल. हळू. मला ऐकू येत न्हाई गं आता.”

तापाचं निमित्त झालं आणि तीन वर्षांपूर्वी दोन्ही कान गेले होते. ऐकायच्या यंत्रानं नुसता गोंगाट व्हायचा. ओठ बघून ओळखीच्या माणसाचं थोडं कळायचं. अनोळखी माणूस आला की ती आतल्या खोलीत जायची.

“मला लिहिलं का नाहीस?”

“लाज वाटली. मास्तरीण होणार होते मी, अन् आता पोरं माझ्यासमोर हातवारे करत्यात.”

मग वर तिच्या खोलीत गेल्यावर तिनं मोबाइल काढून माझे निरोप दाखवले. एकही पुसला नव्हता. “घरात मराठी कुणालाच येत न्हाई. कुणाकडून ऐकून घेऊ? हे बघत बसते. चार मिनिटं, तीन मिनिटं. हा तर सहा मिनिटांचा. एवढं बोलायलीस म्हणजे मजेत असशील, वाटायचं.”

तिचं बोट त्याच निरोपावर होतं. मी खिडकीतल्या उजेडाकडं तोंड केलं. “आई गेली, नसीम. त्यात तेच सांगितलं होतं.”

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले. तिनं माझे ओठ पाहिले, मग डोळे. मोबाइल पालथा ठेवला. आमच्या खोलीवर दर पंधरवड्याला आईच्या धपाट्यांचा डबा यायचा आणि अर्धे धपाटे नसीमच संपवायची. “मी अंगठा पाठवला?” तिनं विचारलं आणि माझे दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर घट्ट धरून रडली. मीही रडले. दीड वर्षांनी आईसाठी माझ्यासोबत कुणीतरी रडलं.

दिवसभर तिथंच होते. सुनेनं खट्टी दाल आणि भात केला. गोवळकोंडा राहून गेला, त्यामुळं त्याबद्दल मला काही विचारू नका.

परतीच्या गाडीत मी कुणाशी बोलले नाही. घरी पोचले तर शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय पाहिलं हैदराबादेत?” चारमिनार, म्हणाले. नसीम आणि मी आता रोज लिहितो. पण बोलता बोलता ती ओठांच्या कडेनं हसायची ते लिहिण्यात येत नाही, आणि माझा आवाज तिच्यापर्यंत आता कधीच पोचणार नाही. हे गेल्याशिवाय कळलं नसतं. कळून हलकं वाटलं असंही नाही.

परवा सकाळी चहा टाकताना “साखर संपली वाटतं” असं मोठ्यानं म्हणाले, आणि ध्यानात आलं, मी दारातल्या उजेडाकडं तोंड करून, हळूहळू, ओठ नीट हलवत बोलले होते. दारात कुणी नव्हतं.