शाळेमागचं रान आणि आमच्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंकडे गेलेला माणूस स्वच्छ कपड्यांनी घरी परतला, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी तर त्यांचा व्याही! मान मोठा, म्हणून माझ्या वाट्याला बादलीही मोठी. मी वाशीमहून इस्त्रीचा सदरा घालून, मिठाईचा पुडा घेऊन त्यांच्या दारात उभा राहतो, 'जयभीम' म्हणतो, आणि आतून आवाज येतो, "जयभीम, इवाई! हातपाय धुऊ नका आत्ताच, मातीतच जाचं हाय." मग चहा राहतो चुलीवर आणि मी असतो शाळेमागं. खरं सांगायचं तर मी तिथं जातो तो माझ्या मुलीच्या कामाला. जावई पुण्यात नोकरीला, नातू तिथंच, आणि विहीणबाई मानोऱ्याजवळच्या त्या गावात एकट्या. "बाबा, आईंना कसंही करून इकडं यायला राजी करा," असं मुलगी मला दर वेळी बजावते, आणि दर वेळी मी चिखलानं भरलेली विजार घेऊन रिकाम्या हातानं परत येतो.

त्यांच्या गावच्या शाळेमागं पूर्वी पळस, मोह, बिबा, चारोळी असं चांगलं दाट रान होतं म्हणे. जळणासाठी आणि साफसफाईच्या नावाखाली तोडून ते कधीच संपलं. ते परत आणायचं, आणि आणायचं तर जसंच्या तसं, असं विहीणबाईंनी एकदा मनात घेतलं आणि अख्खं गाव कामाला लावलं. रविवार उजाडला की श्रमदान. गावातले येतात, तांड्यावरचे येतात, न येणाऱ्याच्या दारात बाई स्वतः जाऊन उभ्या राहतात, त्यापेक्षा आलेलं बरं असं सगळ्यांचं मत आहे. बियांचं त्यांना इतकं वेड की नातवाच्या बारशाला आमच्याकडं त्यांनी आल्यागेल्याला गावरान बोरं वाटली आणि मग हात पसरून दारातच उभ्या राहिल्या. आमच्या ऑफिसचे साहेब गोंधळले, त्यांना वाटलं काही रिवाज असेल. त्यांनी खिशात हात घातला. "पैसे नोको साहेब, बी द्या," बाई म्हणाल्या. साहेबांनी तोंडातली बी काढून मुकाट्यानं त्यांच्या तळहातावर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेडसरांनी एकदा हौसेनं नर्सरीतून रंगीत पानांची झाडं आणली. बाईंनी ती चहूबाजूंनी न्याहाळली आणि म्हणाल्या, "सर, हे पाव्हने हायत. त्याइले ओसरीवर बसवा, च्या पाजा. पन घर घरच्याइले राहू द्या ना." ती झाडं फाटकाजवळच्या कुंड्यांत गेली. मीही त्या गावात पाहुणाच, त्यामुळं तेव्हा जरा सांभाळूनच उभा होतो.

पण त्यांची खरी करामत म्हणजे झाडांची वाटणी. प्रत्येक रोप कुणाच्या तरी नावचं. गावात दोन सख्खे भाऊ, धुऱ्यावरून म्हणजे शेताच्या बांधावरून भांडलेले, वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाईंनी दोघांना मिळून एकच बिब्याचं रोप दिलं. "एकामेकासंग नाही बोलत त झाडासंग बोला," म्हणाल्या. झालं काय, थोरला सकाळी पाणी घाली, धाकटा संध्याकाळी. विचारणार कोण कुणाला? शिवाय दुसऱ्यापेक्षा आपलं कमी पडायला नको, म्हणून दोघंही हात सैल सोडून ओतत. बिबा बिचारा बुडून मेला. बाईंनी दोघांना बोलावून ते कुजलेलं मूळ उपटायला लावलं. थोरला एकदम भडकला, "तू कायले टाकत होता बे पानी?" धाकटा म्हणाला, "अन् तू काहून टाकत होता?" दोघांची चांगलीच जुंपली. बाईंनी मात्र टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या. "बोलले! बोलले ना, इवाई!" दुसरं रोप दोघांनी भांडत भांडतच लावलं.

पुण्याचा विषय काढला की बाईंचं एकच उत्तर. दिवाळीनंतर तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघतात. निघताना प्रत्येक जण आपलं झाड बाईंच्या हवाली करून जातो. "मी पुन्याले जाऊन बसली, अन् हे वापस आले, त काय तोंड दाखवू त्याइले?" बाई विचारतात. मी पुन्हा बादली उचलतो.

यंदा उन्हं तापायला लागली तेव्हा मी पुन्हा गेलो होतो. तोडीवरून परतलेला ट्रॅक्टर शाळेपाशी थांबला. तांड्यावरची एक बाई घरी न जाता, डोक्यावरचं गाठोडं तसंच ठेवून, सरळ शाळेमागं आली. तिच्या चारोळीच्या रोपाला एक पान नव्हतं. नुसती काडी.

"मेलं ना, बाई?" तिनं विचारलं.

विहीणबाई खाली बसल्या, नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवंगार.

"जित्तं हाय व. उन्हासाठी पानं टाकून बसलं. तू बी त घर टाकून गेलती. आली ना वापस?"

ती बाई हसता हसता रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, त्यात लाजायचं काय? त्याच क्षणी मी ठरवलं, आता यांना पुण्याला चला म्हणून पुन्हा विचारायचं नाही. मुलगी रागावली तर रागावली.

ती बाई तांड्याकडं गेली. आम्ही दोघंच उरलो. विहीणबाईंनी त्या काडीभोवतीची माती हातानं सारखी केली.

"इवाई," त्या एकदम म्हणाल्या, "नातू केवढा झाला आता? फोनात दिसते, पन केवढा हाय थे समजत नाही."

मी कमरेशी हात धरला. त्यांनी आपला मातीनं भरलेला हात माझ्या हाताशेजारी आणला.

"एवढा?"

"एवढा."

"मले त अजून इतलुसाच वाटे." मग जरा थांबून म्हणाल्या, "पाऊसपानी सुरू झालं का जाईन मी पुन्याले. चार मयने. तवा या झाडाइले माही गरज नसते. अन् नाहीच पडलं पानी, त झाडाइले पानी टाकाले तुमी हाच."

मी हो म्हणालो. कबूल करून टाकलं सगळं. त्या शाळेच्या भिंतीकडं बघत होत्या, आणि त्यांचा हात अजून तिथंच होता, नातवाच्या डोक्याएवढ्या उंचीवर.